रात्री दोन वाजता स्क्रीन काळी का पडते: लांब राईडवाल्यांचे प्रश्न

यावेळी आलेल्या प्रश्नांमध्ये अर्ध्याहून जास्त एकाच गोष्टीचे आहेत, ४००, ६०० किलोमीटर किंवा त्याहून लांब राईडला सायकल कॉम्प्युटर (हँडलवरचा जीपीएस, जो रस्ता दाखवतो आणि राईड नोंदवतो) शेवटपर्यंत चालू कसा ठेवायचा. म्हणून सगळं सदर त्यालाच दिलंय. सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो, जवळपास प्रत्येकाने विचारलंय की पॉवर बँक किती मोठी घेऊ, पण रात्री दोन वाजता स्क्रीन काळी पडते तेव्हा बँक सहसा रिकामी नसतेच, केबल हललेली असते नाहीतर पोर्टात पाणी गेलेलं असतं नाहीतर बँक आपली आपण बंद झालेली असते. त्यामुळे मोठी बँक घ्यायच्या आधी आहे ती जोडणी नीट तपासा, हेच मी खाली वेगवेगळ्या निमित्ताने सांगणार आहे.

प्रश्न: ६०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राईड) करायचीये, ४० तासांची मर्यादा आहे. कॉम्प्युटरच्या खोक्यावर २० तास लिहिलंय पण मला १५ च्या आसपासच मिळतात. आतली बॅटरी १५०० एमएएचची आहे आणि माझी पॉवर बँक १०,००० ची, म्हणजे सहा-सात वेळा चार्ज व्हायला पाहिजे ना? मित्र म्हणतो २०,००० ची घे. कोणाचं बरोबर?

उत्तर: सहा-सात वेळा होणार नाही, पण तुम्हाला तेवढ्याची गरजही नाही. बँकेवर जे १०,००० लिहिलेलं असतं ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला धरून असतं आणि यूएसबीतून बाहेर येतात ५ व्होल्ट, म्हणून एमएएचला एमएएचने भागून चालत नाही. सरळ वॅट-अवरमध्ये हिशोब करा. १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-अवर, गुणिले ३.७, म्हणजे ३७ वॅट-अवर. यातलं सगळं पोचत नाही, बँक व्होल्टेज वाढवताना थोडं खाते, केबल थोडं खाते, कॉम्प्युटर परत ते खाली आणताना थोडं खातो, हातात ७० टक्के पडले असं धरून चाला.

आता कॉम्प्युटरचं बघू. १५०० एमएएच म्हणजे साधारण साडेपाच वॅट-अवर, ते १५ तास पुरतात म्हणजे तासाला ०.३७ च्या आसपास, ४० तासांना झाले १५. त्यातले साडेपाच तो स्वतः भरून घेऊनच निघणार, उरले साडेनऊ, आणि ७० टक्क्यांचा हिशोब लावला तर बँकेतून साधारण १४ जातील. ३७ मधले १४. म्हणजे कॉम्प्युटरपुरती तुमची बँक अर्धीसुद्धा संपत नाही.

मग मित्र २०,००० का म्हणतोय? कारण त्याच्या डोक्यात फोन असणार. ५००० एमएएचचा फोन म्हणजे १८-१९ वॅट-अवर, तो एकदा रिकाम्यापासून पूर्ण भरला की बँकेतून २६-२७ गेले. १४ आणि २७ मिळून ४१, इथे ३७ ची बँक संपली. त्यात पुढचा लाईटही यूएसबीवर चार्ज होणारा असेल तर विषयच मिटला. खरा प्रश्न कॉम्प्युटरचा नाहीच, फोनवर किती अवलंबून राहणार त्याचा आहे. फोन एअरप्लेन मोडवर ठेवून फक्त फोटो आणि गरजेपुरता फोन करायला वापरलात तर १०,००० मध्ये आरामात होतं. फोनही चालू आणि लाईटही चार्ज करायचा असेल तर २०,००० लागेल, पण मी एक मोठी घेण्यापेक्षा १०,००० च्या दोन घ्या म्हणेन, वजन थोडं वाढेल पण एक बिघडली तर दुसरी आहे, आणि एक थांब्यावर भिंतीला लागलेली असताना दुसरी वापरता येते.

प्रश्न: बँकेचे चारही दिवे पेटलेले होते, केबल घट्ट होती, तरी पहाटे बघितलं तर कॉम्प्युटर १२ टक्क्यांवर. बटण दाबलं की चार्जिंग सुरू, थोड्या वेळाने परत बंद. बँक खराब आहे का?

उत्तर: बँक बहुतेक चांगली आहे. ती फोनसाठी बनवलेली आहे, ही खरी अडचण. फोन चार्ज होताना १०००, २००० मिलीअँपिअर ओढतो, आणि करंट अगदी कमी झाला की बँक समजते फोन भरला, आता आपण झोपावं. हा उंबरठा सगळ्यांचा सारखा नसतो पण बऱ्याच बँकांचा ५० ते १०० मिलीअँपिअरच्या आसपास असतो. सायकल कॉम्प्युटर नुसता चालायला लागतो तेवढा करंट नेमका याच पट्ट्यात येतो. म्हणून कॉम्प्युटर रिकामा असताना व्यवस्थित चार्ज होतो, भरत आला की करंट खाली येतो, बँक अर्ध्या-एक मिनिटात बंद पडते आणि परत आपणहून चालू होत नाही. नंतर कॉम्प्युटर स्वतःच्या बॅटरीवर चालत राहतो आणि आपण केबल लावलेली बघून निश्चिंत असतो.

यावर पहिला उपाय म्हणजे लो करंट मोड. इअरफोन, घड्याळं असल्या छोट्या गोष्टींसाठी बऱ्याच बँकांमध्ये तो दिलेला असतो, कुठे बटण दोनदा दाबायचं असतं, कुठे दोन-तीन सेकंद धरून ठेवायचं, आणि चालू झाल्यावर दिव्यांचा रंग किंवा लुकलुकणं बदलतं. तुमच्या बँकेबरोबर आलेला कागद काढून एकदा बघाच. फक्त काही बँकांमध्ये हा मोड दोनेक तासांनी आपोआप जातो, तेही त्याच कागदावर असेल.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, त्याला काही विकत घ्यावं लागत नाही. केबल कायम लावून ठेवायचीच नाही. कॉम्प्युटर २५-३० टक्क्यांवर आला की जोडा, ८०-८५ ला काढा. लिथियम बॅटरी पहिल्या ८० टक्क्यांपर्यंत पटापट भरते आणि त्यानंतर चार्जर करंट हळूहळू कमी करत नेतो, शेवटच्या २० टक्क्यांना वेळ लागतो तो यामुळेच. म्हणजे २५ ते ८५ या पट्ट्यात करंट चांगला मोठा असतो, बँक झोपत नाही, तासाभराच्या आसपास काम होतं आणि बाकी सगळा वेळ पोर्टाचं झाकण बंद राहतं. पावसात हे झाकण बंद असणं किती मोलाचं आहे ते पुढे येतंच आहे.

आणि काहीही ठरवलं तरी घरी एकदा करून बघा. कॉम्प्युटर चालू करून, जीपीएस पकडलेला, ज्या ब्राईटनेसवर राईड करता त्याच ब्राईटनेसवर, तीच केबल, तीच बँक, आणि तीन-चार तास खिडकीत ठेवून द्या. दर अर्ध्या तासाने चार्जिंगची खूण दिसतेय का बघायचं. तीनही वस्तू एकत्र तपासल्या नाहीत तर काही तपासलं नाही असंच समजा, कारण प्रत्येक गोष्ट वेगवेगळी नीट चालते आणि एकत्र आली की रुसते.

प्रश्न: कॉम्प्युटर आयपीएक्स७ आहे. मग पावसात चार्ज करायला काय हरकत आहे?

उत्तर: आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी. वारा, वेग आणि पुढच्या चाकाचा फवारा असं पाणी त्या चाचणीत नसतं. शिवाय बऱ्याच मॉडेलना हे मानांकन झाकण नीट बसवलेलं असतानाच लागू असतं, ते तुमच्या माहितीपुस्तिकेत वाचा. काही नवीन मॉडेलमध्ये झाकण नसतंच, पोर्टच आतून सील केलेला असतो, त्यात पाणी गेलं तरी ते आत उतरत नाही.

पण सील केलेला असला तरी ओल्या पोर्टात केबल घालू नका, आणि हे मी अगदी हात जोडून सांगतोय. नुसतं पाणी फार नुकसान करत नाही, वाळतं आणि जातं. पाणी आहे आणि त्यातून ५ व्होल्ट खेळतायत, तेव्हा धातूच्या पिना अक्षरशः विरघळायला लागतात, घामाचं किंवा रस्त्यावरचं मिठाळ पाणी असेल तर आणखीच लवकर. फोनच्या टॉर्चने पोर्टात बघा, टाइप-सी असेल तर मधोमध पातळ जीभ दिसेल आणि तिच्यावर सोनेरी रेघा. त्यातल्या एक-दोन रेघा काळपट किंवा हिरवट झालेल्या दिसल्या तर ते ओल्यात चार्जिंग केल्याचं लक्षण आहे. मग केबल एका बाजूने लावली तर चालते, उलटी लावली तर चालत नाही, असले प्रकार सुरू होतात. केबलचं टोकही बघा, तीच पीन तिथेही काळी झालेली असते, आणि ती केबल दुसऱ्या कशाला लावू नका.

पावसाच्या राईडला नियम साधा ठेवा, चार्जिंग फक्त छपराखाली. थांब्यावर पोचल्या पोचल्या झाकण उघडायचं, पोर्ट खाली तोंड करून झटकायचा, जोरात फुंकर मारायची, कोरड्या रुमालाचं टोक बाहेरून लावायचं, पीन किंवा काडी आत घालायची नाही, आणि पाच-दहा मिनिटं ब्रेव्हे कार्डावर (थांब्यांचे शिक्के घ्यायचं कार्ड) शिक्का, पाणी भरणं हे उरकून मग केबल. आणि पाऊस येणार असं दिसत असेल तर ५० टक्के असतानाच भरून घ्या, २० ची वाट बघू नका.

चालत्या सायकलवर लावायचीच असेल तर केबलला कॉम्प्युटरच्या खाली एक झोल द्या म्हणजे पाणी केबलवरून घरंगळत त्या झोलातून खाली टपकेल, पोर्टाकडे जाणार नाही. काटकोनी टोकाची केबल बरी पडते, सरळ टोक हँडलबारवरून पुढे आलेलं असतं आणि हात लागून लागून पोर्ट सैल होतो. झोल देताना हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवून बघा, केबल ताणली जाता कामा नये. आणि बॅगेच्या चेनमधून केबल बाहेर काढता तिथे चेन मागच्या बाजूने उघडी ठेवा, पुढून नाही.

काही कॉम्प्युटरला तळाशी, माउंटच्या जागी, चार्जिंगचे कॉन्टॅक्ट असतात, गार्मिनच्या एज १०३० ला तसे आहेत, आणि खाली बसणारी वेगळी बॅटरी मिळते. पावसात हा प्रकार केबलपेक्षा खूपच निवांत. पण ती बॅटरी ठराविक मॉडेललाच चालते.

प्रश्न: नवीन टाइप-सी ते टाइप-सी केबल घेतली, फोन चार्ज होतो, कॉम्प्युटर ढिम्म. जुन्या केबलने होतो. आणि ६५ वॅटच्या चार्जरने कॉम्प्युटर लवकर चार्ज होईल का?

उत्तर: दोन्ही टोकांना टाइप-सी असेल तर चार्जर आधी समोर कोण आहे ते बघतो आणि मगच व्होल्टेज सोडतो. त्यासाठी उपकरणात दोन छोटे रेझिस्टर लागतात आणि काही उत्पादक ते बसवतच नाहीत, त्यामुळे चार्जरला वाटतं पलीकडे कोणी नाहीच. जुन्या चौकोनी टोकाच्या, म्हणजे टाइप-ए ते टाइप-सी केबलमध्ये असली विचारपूस नसते, ५ व्होल्ट येतातच. बॅगेत एक ए ते सी ठेवा आणि बँकेलाही टाइप-ए चं भोक आहे ना ते बघून घ्या, हल्ली काही बँकांना नसतं.

६५ वॅटने काही फरक पडत नाही, फायदाही नाही नुकसानही नाही. कॉम्प्युटरची बॅटरी छोटी असते, तो त्याला हवा तेवढाच करंट घेतो.

यातच आणखी एक, काही जुने कॉम्प्युटर केबल लावली की आपण पीसीला जोडलोय असं समजून रेकॉर्डिंग थांबवतात आणि फाइल दाखवणाऱ्या मोडमध्ये जातात. डेटाच्या तारा नसलेली, फक्त चार्जिंगची केबल वापरली तर बहुतेक वेळा हे थांबतं. राईडच्या आधी चालू रेकॉर्डिंगमध्ये केबल लावून बघा म्हणजे कळेल. केबल दोन न्याव्यात, आखूड, दोन्ही तपासलेल्या. माझ्या मते अख्ख्या सामानात सगळ्यात जास्त दगा देणारी वस्तू केबलच आहे.

प्रश्न: दादा, मी कॉलेजला आहे, २००, ३०० झाल्यात, आता १००० चं स्वप्न आहे आणि पुढे कधीतरी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. डायनॅमो हब घेतला तर चार्जिंगची कटकट कायमची जाईल का? सिनिअर रायडर दोन गटांत भांडतात.

उत्तर: स्वप्न छान आहे, धरून ठेव. आता हबचं. पुढच्या चाकाच्या हबमध्येच जनित्र असतं, श्मिटचा सोन आणि शिमानोचे हब जास्त दिसतात, आणि ते बहुतेक ६ व्होल्ट ३ वॅटच्या हिशोबाने बनवलेले असतात. येते ती एसी वीज, लाईट थेट त्यावर चालतो, पण यूएसबीसाठी मध्ये कन्व्हर्टर लागतो जो ती ५ व्होल्ट डीसी करतो. सपाटीला २० च्या वेगाने जात असशील तर यूएसबीला अडीच वॅटच्या आसपास मिळतात असं धर, वेग १०-१२ च्या खाली आला की बहुतेक कन्व्हर्टर नीट चार्ज करू शकत नाहीत, आणि सिग्नलला उभा राहिलास की शून्य.

इथेच खरी गोम आहे. घाट चढताना वीज येते-जाते, येते-जाते, आणि दर वेळी कॉम्प्युटर किंचाळतो की बाहेरची वीज गेली. काही मॉडेल तर तेवढ्यावर आपण बंद व्हायचा काउंटडाऊन सुरू करतात. म्हणून हबची वीज थेट कॉम्प्युटरला द्यायची नाही, मध्ये छोटी बँक ठेवायची. नळाला कधी पाणी येतं कधी नाही म्हणून आपण टाकी भरतो आणि वापर टाकीतून करतो, तसंच. दिवसा हब बँक भरेल, कॉम्प्युटर बँकेतून घेईल. फक्त बँक अशी हवी जी थोडा थोडा तुटक करंटही घेते आणि एकीकडे भरत असताना दुसरीकडे देते. सगळ्या बँका देत नाहीत, काही तर आत वीज यायला लागली की बाहेरची बंद करतात, म्हणून ही बँक हबला लावूनच तपासायची.

हिशोब कर. दिवसभरात आठ तास चांगल्या वेगाने चाललास, अडीच वॅट, झाले २० वॅट-अवर, बँकेत भरताना गळती जाऊन १५ राहिले. तुझा कॉम्प्युटर तासाला ०.३५-०.४ खात असेल तर चोवीस तासांना ९-१० लागतात. म्हणजे कॉम्प्युटर चालतो आणि फोनला थोडं उरतं. रात्री हबची सगळी वीज लाईटला, लाईट आणि चार्जिंग दोन्ही एकदम ३ वॅटमध्ये बसत नाहीत, आणि रात्री लाईट पहिला, त्याच्यावर वाद नको.

फुकट मात्र काहीच नसतं. हबची कार्यक्षमता बघता ३ वॅट काढायला पायातून ५-६ वॅट जातात. ताज्या पायांना कळत नाही, तिसऱ्या रात्री मनाला कळतं. पुढचं चाक नव्याने बांधावं लागतं, कन्व्हर्टर वेगळा, वायरिंग वेगळं.

त्यामुळे मला विचारशील तर ३००-४०० साठी हब घेऊ नकोस, बँक पुरते. ६०० ला सुद्धा बँक पुरते. १००० ला ७५ तास असतात, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला १२०० किलोमीटर आणि ९० तासांची मर्यादा, तिथे हबचा अर्थ लागायला लागतो, आणि तोही चार्जिंगपेक्षा लाईटसाठी जास्त, कारण रात्रभर न संपणारा लाईट ही फार मोठी गोष्ट आहे. सिनिअर लोकांचं भांडण असंच मिटतं, जे लाईटसाठी हब घेतात ते खूश असतात, जे फक्त यूएसबीसाठी घेतात ते कुरकुरतात. तू आधी बँकेवर एक ६०० कर, थांब्यावर चार्जिंगची सवय लाव, मग ठरव.

प्रश्न: कंट्रोलवर (शिक्का घ्यायच्या ठरलेल्या थांब्यावर) किंवा झोपायच्या ठिकाणी तासभर मिळतो. तेवढ्यात काय आधी चार्ज करावं?

उत्तर: बँक आधी, कारण तिला सगळ्यात जास्त वेळ लागतो. १८ वॅटचा चार्जर आणि तेवढं घेणारी बँक असेल तर तासात १५ वॅट-अवर जातात, म्हणजे १०,००० च्या बँकेचे ४० टक्के. साध्या १० वॅटच्या चार्जरने पाव बँकही जेमतेम. म्हणून दोन भोकांचा चार्जर न्या, एकात बँक, दुसऱ्यात लाईट किंवा फोन, ज्याची टक्केवारी कमी असेल ते. कॉम्प्युटर शेवटी, तो रस्त्यात बँकेवरही भरतो. निघताना चार्जर भिंतीतच राहिला असं इतक्या जणांचं होतं, म्हणून प्लग लावला की हेल्मेट त्याच्या शेजारीच ठेवा, हेल्मेटशिवाय तुम्ही निघत नाही.

प्रश्न: सेटिंगमध्ये काय बंद केलं तर खरंच फरक पडतो?

उत्तर: सगळ्यात आधी बॅकलाईट. बाकी सगळं एका बाजूला आणि बॅकलाईट एका बाजूला. दिवसा बहुतेक कॉम्प्युटरच्या स्क्रीनला उन्हात तो लागतच नाही, बंद करा. रात्री सगळ्यात खालच्या ब्राईटनेसवर ठेवा आणि १०-१५ सेकंदांनी विझेल असा, वळण आलं की बहुतेक मॉडेल आपोआप उजेड करतात. अंधारात कमी ब्राईटनेस डोळ्यांनाही बरा, समोरचा रस्ता जास्त दिसतो.

मग नकाशा. सतत नकाशाचं पान उघडं ठेवलं की स्क्रीन पुन्हापुन्हा काढायला प्रोसेसर राबतो. साध्या आकड्यांच्या पानावर राहा, वळणाच्या सूचना तिथेही येतात. रस्ता चुकल्यावर आपोआप नवीन रस्ता शोधणं बंद ठेवा, बॅटरीही वाचते आणि बीआरएममध्ये तर तुम्हाला ठरलेल्याच रस्त्यावर परत यायचं असतं. मग मल्टी-बँड जीपीएस (एकाहून जास्त फ्रिक्वेन्सीवर सिग्नल घेणारा), मोकळ्या रस्त्यावर साधा मोड पुरतो, उंच इमारती आणि दाट झाडीत मल्टी-बँडचा फायदा. फोनशी ब्लूटूथ आणि लाईव्ह ट्रॅकिंग यांनी कॉम्प्युटरपेक्षा फोनचंच जास्त जातं. पण घरचे लाईव्ह लोकेशनवर डोळे लावून बसत असतील तर ते चालू ठेवा, त्यासाठी थोडी बॅटरी गेली तर जाऊ दे.

पॉइंट कमी नोंदवणारे जे मोड असतात, दर मिनिटाला एकदाच जीपीएस बघणारे, ते नेव्हिगेशनच्या राईडला नकोत, अंतर चुकतं आणि वळण मागे गेल्यावर कळतं.

प्रश्न: मध्येच बंद पडला तर आधीची राईड जाते का?

उत्तर: सहसा जात नाही. बहुतेक कॉम्प्युटर चालू असतानाच फाइल लिहीत असतात, परत चालू केलं की आधीची राईड पुढे न्यायची का विचारतात, मधल्या भागाची सरळ रेघ दिसते एवढंच. पण त्यावर विसंबू नका. बॅटरी शून्याला जाऊन अचानक बंद होणं हा फाइल बिघडायचा सगळ्यात सोपा रस्ता आहे, म्हणून १५ टक्क्यांच्या खाली जाऊच देऊ नका. ६०० च्या पुढे तर मी म्हणेन झोपायच्या थांब्यावर राईड सेव्ह करा आणि सकाळी नवीन सुरू करा, फार मोठ्या फाइलवर काही मॉडेल अडखळतात. दोन फाइल नंतर जोडता येतात.

आणि ब्रेव्हे कार्ड जपा. मुख्य पुरावा कंट्रोलचे शिक्के आणि वेळा हाच असतो, आयोजकांनी ट्रॅक मागितला असेल तर तो सोबत. वळणांची यादी कागदावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, खिशात ठेवा, तिला चार्जिंग लागत नाही.

प्रश्न: उन्हात चार्जिंग थांबतं, थंडीत टक्के धडाधड पडतात. हे नॉर्मल आहे का?

उत्तर: हो. काळं उपकरण, भर उन्हात, त्यात चार्जिंगची उष्णता, सेल ४५ अंशांच्या पुढे गेला की बहुतेक उपकरणं चार्जिंग थांबवतात आणि ते योग्यच आहे. सावलीत थांबल्यावर लावा, आणि बँक काळ्या बॅगेत वरच्या बाजूला ठेवू नका. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते म्हणून टक्के पडल्यासारखे दिसतात, ऊब मिळाली की बरेचसे परत येतात. बँक जॅकेटच्या आत, अंगाशी ठेवा. शून्याच्या खाली मात्र चार्ज करू नका, सेलमध्ये लिथियम धातूचा थर बसतो आणि ते नुकसान परत भरून येत नाही.

प्रश्न: सोलर असलेला कॉम्प्युटर, किंवा साध्या डबल-ए सेलवर चालणारा जीपीएस, यातलं काही चालेल का?

उत्तर: सोलरची काच छोटी, त्यामुळे ती बॅटरी भरत नाही, संपायचा वेग कमी करते. ऊन असेल तर उपयोग होतो, रात्रीच्या राईडला अर्थात नाही. डबल-ए वाले मला आजही आवडतात. गार्मिनचे ईट्रेक्स २० आणि ३० हे २०११ मधले, दोन सेलवर २५ तासांपर्यंत, संपले की दोन मिनिटांत सेल बदला आणि निघा, ना केबल ना ओला पोर्ट. स्क्रीन लहान, वॅटचे आकडे नाहीत, पण रस्ता दाखवायचं काम चोख. सेल बदलायच्या आधी राईड थांबवा आणि उपकरण बंद करा.

प्रश्न: दुसऱ्या देशात बीआरएमला विमानाने जायचंय, पॉवर बँक चालते का?

उत्तर: चालते, पण केबिन बॅगेत, चेक-इन सामानात अजिबात नाही, सायकलच्या खोक्यात तर नाहीच नाही. १०० वॅट-अवरपर्यंत सहसा परवानगी लागत नाही, म्हणजे साधारण २७,००० एमएएच. किती न्यायच्या आणि विमानात वापरता येतील का, याचे नियम कंपनीप्रमाणे बदलतात, तिकिटावरच्या कंपनीचे वाचा. बँकेवर क्षमता छापलेली स्पष्ट दिसली पाहिजे, पुसली गेली असेल तर अडवतात. सुटणारे यूएसबी लाईटही बॅटरीसकट बरोबर केबिनमध्ये ठेवा.

प्रश्न: कॉम्प्युटर फुल होता तरी ४०० च्या मध्यात केडन्स (पेडलचे मिनिटाला फेरे) आणि हार्ट रेट दिसायचे बंद झाले.

उत्तर: सेन्सरची स्वतःची बॅटरी संपली. बहुतेकांत सीआर२०३२ चा बटण सेल असतो, बँकेचा त्याच्याशी संबंध नाही. मोठ्या राईडच्या आधी नवीन घाला आणि एक जास्तीचा जवळ ठेवा, झाकण उघडायला काय लागतं तेही बघून ठेवा, कुठे नाणं चालतं, कुठे बारीक स्क्रू असतो. नवीन सेल घालूनही चालू झाला नाही तर तो सेल बाहेर काढून त्याची मागची बाजू बघा, लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या त्यावर कडू थर लावतात आणि काही सेन्सरमध्ये तो नेमका कॉन्टॅक्टच्या आड येतो. स्पिरिटच्या कापसाने पुसला की चालतो. कडूपणा पुसलेला सेल मात्र मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.